तिवऱ्यावरचा आरोप

रुआबांधा हे आज भिलाईच्या पोलाद वसाहतीतल्या एका सेक्टरचं नाव आहे. कारखाना येण्याआधी हा सगळा मुलूख धानाचा होता. २ फेब्रुवारी १९५५ रोजी सोव्हिएत संघाशी करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली आणि मधल्या चार वर्षांत दुर्गच्या शेजारी शेतं नि खेडी होती तिथे शहर उभं राहिलं. विदर्भातली कितीतरी मराठी कुटुंबं नोकरीच्या निमित्ताने इथे आली आणि इथलीच झाली. वाट जुनीच होती. छत्तीसगडावर शंभरहून अधिक वर्षं नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता आणि १९५६ पर्यंत दुर्ग जिल्ह्याची राजधानीही नागपूरच होती. भंडारा-गोंदियाकडून आलेल्या माणसाला इथल्या शेतातलं एक पीक तर पाहताक्षणी ओळखीचं वाटायचं. तिकडे त्याला लाख किंवा लाखोळी म्हणतात, उत्तरेत खेसारी. इथे तो तिवरा.

धान पिवळं पडायला लागलं की कापणीच्या दोन-तीन आठवडे आधी उभ्या पिकातच, ओल्या जमिनीवर, तिवऱ्याचं बी फेकायचं. नांगरट नाही, खत नाही, पाणी देणं नाही. धान कापून नेईपर्यंत खाली तिवरा रुजलेला असतो आणि खरिपाच्या उरलेल्या ओलीवर उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत पिकतो. याला उतेरा म्हणतात, दुर्गकडेही आणि गोंदियाकडेही. पाणी साचलं तरी हे पीक तग धरतं, दुष्काळात बाकी सगळं करपून गेल्यावरही उभं असतं. डाळीच्या शंभर ग्रॅममागे जवळपास अठ्ठावीस ग्रॅम प्रथिनं. कोवळ्या शेंड्यांची भाजी होते, डाळीचं वरण होतं, पीठ बेसनाच्या जागी चालतं, भुसा बैलांना जातो. गरीब शेतकऱ्याच्या घराला याहून स्वस्त प्रथिन मिळत नाही.

आणि याच डाळीने माणसं पांगळी होतात, असा आरोप आहे. त्याची चौकशी जवळजवळ दोनशे वर्षं चालली. तिच्यात पुरावा किती होता आणि चौकशी करणाऱ्यांचं आधीच बनलेलं मत किती होतं, हे वेगळं काढून पाहण्याजोगं आहे. याच चौकशीतून निघालेला एक धागा पुढे थेट स्मृतिभ्रंशाला, म्हणजे ज्याला आपण आता डिमेन्शिया म्हणतो त्याला, जाऊन भिडला. खाण्यामुळे म्हातारपणी स्मरणशक्ती जाते का, आणि खाण्यानेच ती टिकवता येते का, हा प्रश्न आज घराघरात आहे. त्याला उत्तर देताना डॉक्टर मंडळी कुठे घसरतात, हे तिवऱ्याच्या इतिहासात फार स्पष्ट दिसतं.

संशय तसा पुरातन आहे. सतत वाटाण्याच्या जातीची कडधान्यं खाल्ल्याने पाय निकामी झाल्याची नोंद हिपोक्रॅटिसच्या नावावरच्या ग्रंथांत आहे. आपल्याकडे सुश्रुताने कलायखंज नावाची व्याधी सांगितली आणि सोळाव्या शतकातल्या भावप्रकाशात ‘त्रिपुट’ नावाच्या कडधान्याला लंगडेपणाचा दोष लावला आहे. १६७१ मध्ये जर्मनीतल्या व्हुर्टेम्बर्गच्या ड्यूकने या पिठाच्या भाकरीवर बंदी घातली. ‘लॅथिरिझम’ हे नाव मात्र १८७३ मध्ये नेपल्सच्या कांतानी या डॉक्टरने दिलं.

आपल्या भागातली पहिली सविस्तर हकिकत विल्यम स्लीमनची. ठगांचा बंदोबस्त करणारा म्हणून तो प्रसिद्ध आहे, पण माणूस नजरेचा पक्का होता. सागर भागातल्या एका गावात त्याने जे ऐकलं, ते १८४४ मध्ये छापलेल्या आपल्या पुस्तकात लिहून ठेवलं. १८२९ मध्ये गारपिटीने गहू गेला. १८३० मध्ये पाऊस वेळेवर आला नाही. १८३१ मध्ये गव्हावर तांबेरा पडला. तिन्ही वर्षी तिवरा मात्र गव्हाच्या शेतात आपोआप माजला. लोकांनी तो कापला आणि त्यावरच दिवस काढले. १८३३ पासून तरुण माणसांचे पाय जायला लागले, तेही अचानक. रात्री धडधाकट झोपलेला माणूस सकाळी उठला तो कमरेखाली ताठरलेला. गावातल्या तरुणांपैकी जवळपास निम्म्यांना ही बाधा झाली, असं स्लीमन लिहितो.

डॉक्टर नसलेल्या या अधिकाऱ्याने क्रम बरोबर टिपला: तीन वर्षं पीक बुडालं, मग एकच धान्य पोटात गेलं, मग रोग आला. पुढच्या शंभर वर्षांत शिकल्यासवरल्या लोकांनी हा क्रम पुन्हा पुन्हा हरवला, म्हणून त्याच्या नोंदीचं मोल मला मोठं वाटतं.

अलाहाबादचा सिव्हिल सर्जन जेम्स अर्विंग याने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बारा नावाच्या परगण्यात पाहणी केली, तेव्हा शंभरात तीन-चार माणसं पांगळी निघाली. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनी मध्य प्रांत खचला आणि रोग पुन्हा उसळला. अँड्र्यू ब्यूकॅनन याने त्या वर्षांतल्या लॅथिरिझमचा अहवाल लिहिला. तो १९०४ मध्ये नागपुरात छापला गेला. दुष्काळ आणि पांगळेपणा यांची जोडी या अहवालांत इतकी ठसठशीत आहे की ती कुणाच्या नजरेतून सुटू नये.

रोग कसा दिसतो, तेही सांगायला हवं. सुरुवातीला पोटऱ्यांत जडपणा आणि वांब येतात. मग पाय ताठ होतात, टाच टेकत नाही, माणूस चवड्यांवर चालायला लागतो, गुडघे एकमेकांना घासतात. डॉक्टरांनी याच्या पायऱ्या ठरवल्या आहेत: काठीशिवाय चालणारा, एका काठीवरचा, दोन काठ्यांवरचा आणि शेवटी हातांवर सरपटणारा. बाधा होते ती बहुतेक तरुण, राबणाऱ्या पुरुषांना. गेलेले पाय परत येत नाहीत. पण स्पर्श शाबूत राहतो आणि बुद्धी, स्मृती, बोलणं यांना धक्काही लागत नाही. आपल्याला काय झालं आहे हे त्या माणसाला आयुष्यभर लख्ख कळत असतं.

विसाव्या शतकात प्रश्न प्रयोगशाळेत गेला. तिथे पहिला निकाल आला तो डाळीच्या निर्दोषत्वाचा. १९२५ मध्ये अँडरसन, हॉवर्ड आणि सिमन्सन यांनी शुद्ध खेसारी जनावरांना खाऊ घातली. फारसं काही झालं नाही. मग त्यांनी खेसारीत मिसळून येणारं अकटा नावाचं तण तपासलं आणि दोष त्याच्या माथी मारला. यातले हॉवर्ड म्हणजे पुढे इंदूरच्या कंपोस्ट पद्धतीमुळे जगभर नावाजलेले आल्बर्ट हॉवर्ड. प्रयोग काळजीपूर्वक केलेला होता. चूक गृहीतकात होती, कारण मोठ्या झालेल्या बहुतेक जनावरांवर या विषाचा परिणाम होतच नाही. प्राण्याला झालं नाही म्हणजे माणसाला होत नाही, ही उडी त्यांनी मारली आणि बराच काळ वैद्यकीय मत त्या निष्कर्षाभोवती घुटमळलं. मग जीवनसत्त्वांचा जमाना आला. नव्या नव्या रोगांची मुळं जीवनसत्त्वांच्या अभावात सापडत होती, तेव्हा इंग्लंडच्या एडवर्ड मेलनबी यांना इथेही अ जीवनसत्त्वाचा अभाव दिसला. अमेरिकेत उंदरांना बागेतल्या ‘स्वीट पी’चं बी चारलं गेलं, त्यांची हाडं वाकडी झाली आणि त्यालाही लॅथिरिझमच म्हणून टाकलं. १९५४ मध्ये त्या हाडांच्या रोगाचं रसायन सापडलं, पण सागरच्या पांगळ्या माणसांशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता. ज्याच्या हाती जे साधन होतं त्याला ते उत्तर दिसलं.

या गोंधळात एक दारुण पुरावा समोर आला, तो युरोपातून. १९४२ मध्ये रुमानियाने व्याप्त युक्रेनमधल्या वाप्नियार्का छावणीत हजाराहून अधिक ज्यू कैदी ठेवले होते. त्यांना रोज जनावरांच्या खाद्यातला हाच वाटाणा उकडून दिला जाई. काही आठवड्यांत पाय जायला लागले. कैद्यांमध्ये आर्थर केसलर नावाचे डॉक्टर होते. त्यांनी रोग ओळखला, कैद्यांना ते अन्न नाकारायला सांगितलं, आणि बऱ्याच झगड्यानंतर ते बंद झालं. शेकडो माणसं तोवर कायमची अधू झाली होती. धडधाकट, सुशिक्षित, वेगळ्या वंशाची, थंड मुलखातली माणसं, तरी रोग तोच. हवामान, जात, अस्वच्छता, तण असे सगळे पर्यायी खुलासे त्या छावणीत मोडून पडले. उरल्या दोनच गोष्टी: तो वाटाणा आणि उपासमार.

विष हाती लागलं १९६४ मध्ये. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत एस. एल. एन. राव, पी. आर. अडिगा आणि पी. एस. सर्मा यांनी, आणि त्याच सुमारास दिल्लीत मूर्ती, शेषाद्री आणि व्यंकिटसुब्रमण्यन यांनी तिवऱ्याच्या बियांतून एक अमिनो आम्ल वेगळं केलं. त्याला आज ओडॅप म्हणतात. एक दिवसाच्या कोंबडीच्या पिल्लाला ते टोचलं की मान मागे वळून झटके येतात. मोठ्या कोंबडीला काही होत नाही. हॉवर्ड यांच्या जनावरांचं कोडं इथे सुटलं. हे रसायन मेंदू आणि मज्जारज्जूतल्या चेतापेशींना वाजवीपेक्षा जास्त उत्तेजित करून थकवतं, मारतं. आज राष्ट्रीय पोषण संस्था म्हणतात त्या हैदराबादच्या संस्थेने पुढच्या दोन वर्षांत साधे उपायही सांगितले: डाळ गरम पाण्यात भिजवून ते पाणी फेकून द्यायचं, किंवा धानासारखी उकडून वाळवायची. विषाचा बराच मोठा भाग पाण्यासोबत जातो, आणि काही ब जीवनसत्त्वंही.

पण या शोधाच्या तीन वर्षं आधीच कायदा होऊन गेला होता. १९६१ मध्ये अन्नभेसळ प्रतिबंध नियमांत ४४-अ हे कलम आलं. खेसारीची विक्री बंद, तीही राज्य सरकार अधिसूचना काढेल त्या तारखेपासून. पेरणीवर बंदी नाही. काही राज्यांनी तारीख काढली, काहींनी वर्षानुवर्षं काढली नाही. बंदी आणण्यामागचा पुरावा खोटा नव्हता. रीवा आणि सतना जिल्ह्यांत त्या सुमारास झालेल्या पाहणीत सुमारे पंचवीस हजार पांगळी माणसं आढळली होती. ही माणसं कोण होती? जमीनदाराकडे पिढ्यान्‌पिढ्या राबणारे बंधुआ मजूर. त्यांना मजुरी धान्यात मिळे आणि त्या धान्यात तिवराच मुख्य असे. मालकाच्या घरी गहू-तांदूळ शिजे, तिवरा एखादवेळी. मालकाला रोग झाला नाही, मजुराला झाला, एकाच शेतातल्या पिकाने.

माझ्या मते या सगळ्या इतिहासाचा गाभा इथे आहे. दिवसाच्या पोटभरीचा तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त तिवरा, तोही सलग दोन-तीन महिने, आणि सोबत दुसरं धान्य जवळजवळ नाहीच, तेव्हा हा रोग होतो. त्यामुळे रोगाचं कारण सांगताना डाळीतलं रसायन आणि मजुरीची पद्धत दोन्ही सांगावी लागतात. कायद्याने रसायन धरलं. मजुरीपोटी घरात येणाऱ्या धान्यापर्यंत तो पोचला नाही. वेठबिगारी रद्द करणारा कायदा यायला १९७६ उजाडलं.

अन्नाच्या कमतरतेने माणसाची बुद्धी जाते, हे वैद्यकाला ठाऊक होतं, पण वेगळ्या रोगामुळे. पेलाग्रा. त्वचा काळवंडते, जुलाब होतात आणि शेवटी स्मृतिभ्रंश येतो. अमेरिकेच्या दक्षिणेत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मका खाणाऱ्या गिरणी कामगारांत आणि वेड्यांच्या इस्पितळांत याचे हजारो रुग्ण होते. हा जंतूंचा रोग आहे, असं मानण्यात प्रतिष्ठित डॉक्टरांची सोय होती. वंशशास्त्रज्ञ चार्ल्स डेव्हनपोर्ट यांनी तर तो रक्तातूनच येतो असं १९१६ मध्ये लिहिलं. जोसेफ गोल्डबर्गर यांनी तुरुंगातल्या स्वयंसेवकांना मक्याच्या निकृष्ट आहारावर ठेवून रोग आणून दाखवला. तो संसर्गजन्य नाही हे दाखवायला त्यांनी रुग्णांचे स्राव स्वतःच्या शरीरात घेतले, त्यांच्या पत्नीनेही रुग्णाचं रक्त टोचून घेतलं. तरी मत बदलायला वर्षं गेली, कारण रोग अन्नाचा म्हटला की प्रश्न मजुरीचा होतो. १९३७ मध्ये कळलं की या रोगाचं मूळ नायसिन या जीवनसत्त्वाच्या अभावात आहे. आपल्याकडे हैदराबादला कोलथूर गोपालन आणि श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये दाखवलं की मका न खाणाऱ्या, ज्वारीवर जगणाऱ्या दख्खनच्या गरिबांनाही पेलाग्रा होतो. ज्वारीतल्या ल्युसीनला त्यांनी दोष दिला. ल्युसीनवरचा वाद पुढे लांबला. मात्र ज्याच्या ताटात भाकरीसोबत डाळ, दूध, भाजी होती त्याला पेलाग्रा झाला नाही, यावर कुणाचं दुमत नव्हतं. मराठवाड्यातल्या आपल्या आज्या-पणज्या ज्वारीवरच वाढल्या आणि तल्लख राहिल्या, त्याचं कारण ताटातल्या त्या बाकीच्या गोष्टी.

आता तिवऱ्याचा धागा ग्वाममध्ये कसा गेला ते पाहू. प्रशांत महासागरातल्या या बेटावर चामोरो लोक राहतात. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी डॉक्टरांना तिथे एक भयंकर रोग दिसला. काहींचे स्नायू झिजत, काहींचं शरीर कंपवातासारखं ताठरे आणि स्मृती विझत जाई. १९५४ मध्ये कर्लंड आणि मल्डर यांनी लिहिलं की स्नायू झिजण्याच्या या रोगाचं प्रमाण तिथे उर्वरित जगाच्या पन्नास ते शंभर पट आहे. मार्जोरी व्हायटिंग या पोषणतज्ज्ञ बाईंचं लक्ष सायकॅडच्या बियांच्या पिठाकडे गेलं. चामोरो लोक त्या विषारी बिया कित्येक दिवस पाण्यात भिजवून, पाणी बदलून मग दळत. जपानी अंमलातल्या टंचाईत हे पीठ जास्त खाल्लं गेलं होतं.

लंडनमध्ये आर्थर बेल तेव्हा तिवऱ्याच्या कुळातल्या अमिनो आम्लांवर काम करत होते. तिवऱ्यासारखंच काही सायकॅडमध्ये असेल का, असा प्रश्न त्यांना पडला आणि १९६७ मध्ये व्हेगा यांच्यासोबत त्यांना ते सापडलं: ओडॅपचं नात्यातलं रसायन, बीएमएए. पुढे न्यूयॉर्कचे पीटर स्पेन्सर यांनी १९८६ मध्ये माकडांवर तिवऱ्याच्या विषाचा परिणाम दाखवला आणि १९८७ मध्ये ‘सायन्स’मध्ये बीएमएएचा. माकडांचे हातपाय अधू झाले, हालचाली मंदावल्या. पायांचं विष सागर-रीवात, बुद्धीचं विष ग्वाममध्ये, आणि दोन्ही एकाच कुळातली. अन्नातून येणाऱ्या रसायनाने वर्षांनंतर स्मृतिभ्रंश होतो, ही कल्पना जगभर पसरली.

मग हिशेब मांडणारे लोक आले. मार्क डंकन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्वामचं धुतलेलं पीठ तपासलं तेव्हा १९९० मध्ये कळलं की त्यातलं बहुतेक बीएमएए पाण्यासोबत निघून गेलेलं असतं. माकडांना दिलेली मात्रा पिठातून मिळवायची तर माणसाला रोज काही किलो पीठ खावं लागलं असतं. चामोरो बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेली भिजवण्याची रीत शास्त्रज्ञांच्या गणितात आधी धरलीच गेली नव्हती. २००२ मध्ये पॉल कॉक्स आणि ऑलिव्हर सॅक्स यांनी नवी बाजू मांडली: सायकॅडची फळं खाणारी वटवाघळं चामोरो लोक खात, विष त्यांच्या शरीरात साठून माणसापर्यंत येत असेल. २००४ मध्ये या गटाला मृत चामोरो रुग्णांच्या मेंदूत बीएमएए आढळलं, कॅनडातल्या अल्झायमरच्या काही रुग्णांतही आढळलं. इतर काही प्रयोगशाळांनी शोधलं तर त्यांना ते सापडलं नाही. तोवर ग्वाममधला रोगच ओसरला होता. तरुण पिढी दुकानातलं अन्न खात होती आणि तिला तो होत नव्हता. अन्न बदललं म्हणून रोग गेला असेल, पण त्याच काळात बेटावरचं सगळंच बदललं होतं. नेमकं कारण अजून सिद्ध झालेलं नाही.

आपल्या देशात याचीच उलटी बाजू पाहायला मिळाली. हरियाणातल्या बल्लभगडच्या खेड्यांत अल्झायमरचं प्रमाण फार कमी असल्याचं एका भारत-अमेरिका अभ्यासात १९९८ आणि २००१ मध्ये प्रसिद्ध झालं. लगेच श्रेय हळदीला गेलं. त्या अभ्यासाने हळदीची परीक्षा घेतलेली नव्हती. खेड्यात आजारी म्हातारी माणसं फार काळ जगत नाहीत, आणि आजोबा विसरतात हे वयाचंच मानलं जातं, ही कारणंही तितकीच संभवत होती. पुढे २०१२ मध्ये अल्झायमरच्या रुग्णांना हळदीतलं कर्क्युमिन देऊन झालेल्या एका लहान चाचणीत काही फायदा दिसला नाही. हळदीचा अभिमान मलाही आहे. अभिमान हा पुरावा नाही.

तिवऱ्याच्या बाबतीतही पारडं फिरलं. विष वेगळं करणाऱ्यांपैकी एक, एस. एल. एन. राव, यांनी पुढे याच डाळीच्या उजळ बाजूवर लिहायला सुरुवात केली. तिच्यातल्या होमोआर्जिनीनचा रक्तदाबाला उपयोग होऊ शकेल, आणि ओडॅप मेंदूतल्या एका विकराला चालना देतं म्हणून अल्झायमरच्या संशोधनातही ते कामी येईल, असं त्यांनी आणि सिंग यांनी २०१३ मध्ये मांडलं. स्मृतिभ्रंशाच्या संशयिताचं नातलग रसायन आता स्मृतिभ्रंशावरचं संभाव्य औषध ठरू पाहत होतं. दोन्ही दावे प्रयोगशाळेतल्या पेशींवरून थेट माणसाकडे येतात. तिवरा खाऊन कुणाची स्मृती वाढली किंवा गेली, असं माणसांवर कुणी दाखवलेलं नाही.

नागपुरात डॉ. शांतिलाल कोठारी यांनी लाखोळीवरची बंदी उठावी म्हणून कित्येक वर्षं लढा दिला, उपोषणं केली. गरिबाची डाळ श्रीमंतांच्या डाळीसाठी बदनाम केली, हा त्यांचा आरोप. २००८ मध्ये महाराष्ट्राने बंदी उठवली. देशपातळीवर २०११च्या अन्नसुरक्षा नियमांत मनाई कायम राहिली. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या पाहण्यांत पूर्व विदर्भात आणि छत्तीसगडात रोगाचे अगदी मोजके, बहुतांशी जुने रुग्ण आढळले. २०१६च्या सुरुवातीला भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या समितीने कमी विषाच्या जातींना मोकळीक देण्याची शिफारस केल्याचं जाहीर झालं. रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालयाने ‘प्रतीक’ आणि ‘महातिवरा’ या जाती काढल्या आहेत, दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेने ‘रतन’.

रोग दिसत नाही, हे दोन्ही बाजू आपापल्या बाजूचा पुरावा म्हणून मांडतात. बंदीवाले म्हणतात बंदीने रोग गेला. बंदीविरोधक म्हणतात डाळ निर्दोषच होती. दोघांचंही म्हणणं टिकत नाही. बंदी असतानाही छत्तीसगडच्या खेड्यांत तिवरा पिकत होता, शिजत होता. रोग गेला तो मजुरी रोखीत आली, रेशनवर तांदूळ मिळू लागला, ताटात भात मुख्य आणि तिवरा सोबतीला राहिला म्हणून. आणि डाळ निर्दोष नाही, हे इथिओपियाने दाखवून दिलं. तिथे १९९५-९६च्या दुष्काळानंतर हजारो माणसं याच वाटाण्याने पांगळी झाली. गेताहुन आणि लांबाँ यांच्या अभ्यासात आढळलं की ज्या घरांत त्या वाटाण्याबरोबर इतर तृणधान्यंही खाल्ली जात होती, तिथे धोका बराच कमी होता. तृणधान्यांत गंधकयुक्त अमिनो आम्लं असतात आणि तिवऱ्यात नेमकी तीच कमी. भाताबरोबर वरण खाण्याची आपली रीत इथे औषधासारखी कामी आली.

भिलाईच्या आसपास आज दोन बाबतींत सावध राहायची गरज आहे. तूरडाळीत आणि बेसनात तिवऱ्याची भेसळ होते, ती कोणत्या जातीची आणि किती विषाची हे ग्राहकाला कळत नाही. विकायची तर कमी विषाची जात स्वतःच्या नावाने, पाकिटावर ओडॅपचं प्रमाण छापून विकली जावी, आणि दुष्काळी वर्षी आरोग्य खात्याने गावोगाव पाय तपासावेत, ही मागणी छत्तीसगड आणि विदर्भातल्या शेतकरी संघटनांनी लावून धरायला हवी. आणि एखादं खाणं स्मृती घालवतं किंवा परत आणतं असं कुणी सांगितलं, मग तो डॉक्टर का असेना, तर त्याला विचारा: किती खाल्लं, किती दिवस, सोबत ताटात काय होतं, आणि तेच खाऊन ज्यांना काही झालं नाही अशी माणसं तुम्ही मोजलीत का? घरातलं वडीलधारं माणूस विसरायला लागलं तर नुसतं वय म्हणून सोडून देऊ नका, आणि नुसत्या पथ्यावरही विसंबू नका. ब१२ आणि थायरॉइडची तपासणी करून घ्या. त्या दोन कमतरतांमुळे आलेलं विसरणं वेळेत उपचार मिळाले तर बऱ्याचदा सुधारतं.